काकवीचा ओल्ड फॅशन्ड

९ जाने.
मोबाईलवर विलासची मुलाखत बघितली. अकरा वर्षं एकाच बारच्या काउंटरमागं उभे होतो आम्ही. आता त्याचा स्वतःचा बार होतोय, ताराबाई पार्क भागात. (यापुढं नुसतं वि. पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही.) म्हणतो, काकवीचा ओल्ड फॅशन्ड, म्हणजे ते व्हिस्कीचं कॉकटेल, माझ्या आजोबांनी शोधलं. आजोबा! गळ्यात तुळशीची माळ होती त्यांच्या, बाटलीच्या बुचाचा वाससुद्धा घेतला नसेल. साखरेऐवजी काकवी घातली ती मी, सहा वर्षांपूर्वी, आमच्या परमिट रूममध्ये. वि. शेजारी लिंबं कापत होता.
डोकं फिरलंय. सोडत नसतो.

१३ जाने.
मूळ ओल्ड फॅशन्ड कुणाचं, खरं तर कुणालाच माहीत नाही. व्हिस्की, साखर, जरासं पाणी, कडू अर्काचे दोन थेंब. तिकडं अमेरिकेत बारवाले त्यात नाही नाही ते घालायला लागले, तेव्हा जुनी गिऱ्हाइकं वैतागून म्हणाली, पहिल्यासारखं दे. तेच नाव पडलं. अजून खपतंय, कारण त्यात लपवायला जागा नाही. एक जिन्नस बिघडला की पहिल्या घोटाला कळतं.
वि.लाही कळेल.

१७ जाने.
शिरोळला, गुऱ्हाळावर. मालक आप्पा म्हणाले, "तुझा दोस्त परवा दोन डबं काकवी घिऊन गेला की."
"आणि काय विचारलं?"
"काय न्हाय."
गाडीवर एकटाच हसत आलो. वि.नं कामावर फक्त माझी बाटली बघितलीय. त्याला वाटतं त्यात नुसती काकवी. ती मी रोज सकाळी घरी कोमट पाण्यात कालवून, गाळून न्यायचो. नुसती काकवी बर्फावर ओतली की तळाला जाऊन चिकटते.
सांगू? मुळीच नाही.

२४ जाने.
वि.चं उद्घाटन. बोलावलं नव्हतं, गेलो. माईकवर परत आजोबा. मग ग्लास फिरले. एक पावणं म्हणाले, "ही तर नुसती व्हिस्की हाय." दुसरा चमच्यानं तळ खरवडत होता. वि.नं माझ्याकडं बघितलं. मी ग्लास उंच धरला.
इतकं बरं वाटलं की लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. घरी सुनंदाला, म्हणजे बायकोला, ग्लास कसा धरला ते करून दाखवलं. ती हसली नाही.

२६ जाने. ड्राय डे
दुपारी वि. घरी आला, पेढे घेऊन. "चुकलं माझं. काकवीचं काय करत हुतास, सांग. आजोबांची गोष्ट काढून टाकतो, मेन्यूकार्डावर तुझं नाव घालतो."
म्हटलं, आधी मोबाईलवर व्हिडिओ टाकून माफी माग, सगळ्यांसमोर. "व्हय," म्हणाला. अजून रडवणार होतो त्याला.
सुनंदा चहा घेऊन आली. ट्रे ठेवून मलाच म्हणाली, "तुमची पयली बाटली पार फसली हुती. मग काय करायचं ते कुणी सांगितलं? सा वर्सांत कुणाला माझं नाव सांगितलंसा?"
खरंच, एकालाही नाही.
वि.नं खिशातून पेन काढलं. "वहिनी, तुम्ही सांगताय व्हय? कार्डावर काय लिवू?"
तिनं माझ्याकडं बघत चहाचा कप उंच धरला.