हाक मारणाऱ्याचं नाव

थळ,
माघातली दुपार

प्रिय दादा,

तुला पत्र लिहितोय म्हटल्यावर वहिनी आधी हसली, मग म्हणाली, "लिव. तुजा आवाज त्यांना पोचत न्हाय. त्यांचा मातर रोज येतो." तू गेल्यावरही हाका मारतोस, ही गोष्ट घरात कुणी उघड बोललं नव्हतं. मला मास्तरांकडे चार बुकं शिकायला तूच पाठवलंस ना? मग आता वाच.

आज सकाळी धुक्यात तू पुन्हा हाका मारल्यास. पण माझं नाव गाळलंस. का रे दादा?

तुझी ती सवय सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक होती. आपला मचवा पाण्यात जाताना आणि परत वाळूला टेकताना तू तांडेल म्हणून सुकाणूपाशी उभा राहून एकेकाचं नाव घ्यायचास. जोमाकाका, धर्मा, गणू, आणि शेवटी मी. ज्याचं नाव येईल त्याने "हाय" म्हणायचं. सगळ्यांची ओ आल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही. माणूस समोर दिसतोय, तरी हाक! मी एकदा वैतागून विचारलं, "आनि तुजा नाव कोन घेनार?" तू शीड गुंडाळता गुंडाळता म्हणालास, "तांडेलाचा नाव कोन घेत न्हाय. त्यानं बाकीची सगली हायत का ता बगाचा." मला ते तेव्हा तुझं एक खूळ वाटलं.

खलाशी तुझ्या शब्दाबाहेर नव्हते. तू तर कधी आवाजही चढवला नाहीस! धर्माच्या हातून दोर सुटला आणि नवं जाळं पाण्यातल्या खडपावर फाटलं, ते आठवतं? किनाऱ्यावर सगळे जमले, कुणाची चूक म्हणून विचारू लागले. तू सरळ म्हणालास, "माजी. मीच जवल नेला मचवा." धर्मा खाली मान घालून उभा होता. त्यानंतर त्याने दोर कधी सोडला नाही. आणि जेवताना तुझी भाकरी नेहमी शेवटची असायची. उरलंच नाही तर म्हणायचास, भूक नाही.

पण दादा, एक राग आहे माझा तुझ्यावर. आज बोलतोच. तू मला सुकाणूला हात लावू दिलास का कधी? "अजून हाय मी," एवढंच म्हणायचास. सगळं स्वतःच्या डोक्यात ठेवलंस, खडप कुठे, पाण्याची ओढ कुठली, वारा कधी फिरतो. आणि आषाढात तापाने आठवडाभरात गेलास! ग्लानीतसुद्धा हाका मारत होतास. आम्ही खाटेभोवती उभे राहून एकेक जण "हाय" म्हणत होतो. माझी ओ ऐकलीस आणि डोळे मिटलेस.

नारळी पुनवेला माझ्या हातात सुकाणू आलं ते घरचा म्हणून. मानत कुणी नव्हतं. मग थंडी पडली, धुकं येऊ लागलं, आणि एका सकाळी तुझा आवाज आला. माझ्या पाठीमागून! सुकाणूच्याही मागे, जिथे फक्त पाणी होतं. "जोमा..." काका सवयीने "हाय" म्हणून गेले आणि मग चमकून मागे बघू लागले.

भीती चार दिवसांत गेली. त्यापेक्षा वाईट गोष्ट घडली, त्यांना तुझी सवय लागली. मी म्हणायचो, जाळं ओढा. ते धुक्याकडे तोंड करून बसायचे, तू काही बोलतोस का ऐकत. तू तर नावांपलीकडे काही बोलत नव्हतास. धर्मा तर बोलून दाखवायचा, "जुना तांडेल हाय तवर ठीक. न्हायतर मी चाललो मुंबयला गिरनीत." माणसं गेली तर मचवा विकावा लागणार, हे वहिनीलाही कळत होतं आणि मलाही.

आज खांदेरी बेटाच्या अलीकडे धुकं इतकं दाट होतं की शिडाची काठी दिसेना. कुठली तरी आगबोट लांब भोंगा देत होती. तू काकांना हाक मारलीस. धर्माला. गणूला. तिघांनी ओ दिली. मी तोंड उघडून तयार होतो. तू थांबलास.

कुणी हलेना. मग धर्मा पुटपुटला, "महादूचा नाव न्हाय घेतला. आज ह्याला दर्या नेनार." तिघेही माझ्यापासून सरकून पुढच्या टोकाला, नाळीकडे गेले. खरं सांगतो, मी आईचं नाव घेतलं.

तेवढ्यात पाणी फुटल्याचा आवाज आला. खडप! अगदी उजव्या हाताला. आणि हे तिघे अजून तुझीच वाट बघत होते! मी ओरडलो, "शीड उतरवा! काका, दोर! धर्मा, वल्हं घाल!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. पण ते हलले. सुकाणूवर मी छातीने रेटा दिला आणि मचवा खडपाला घासून बाहेर निघाला.

किनारा दिसेपर्यंत तिघे वल्ही मारत राहिले. मी मात्र एकाच विचारात होतो. तू तांडेल, म्हणून आयुष्यभर स्वतःचं नाव घेतलं नाहीस. मग आज माझं गाळलंस ते...

वाळूला टेकल्यावर मी उभा राहिलो आणि पहिल्यांदा हाका मारल्या. "जोमाकाका." "हाय, तांडेल," काका म्हणाले. धर्मा म्हणाला, गणू म्हणाला. नावं संपली. आणि का कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "दादा."

सुकाणूमागून, पाण्यातून, अगदी हळू ओ आली. "हाय."

काकांनी टोपी काढली. किनाऱ्यावर वहिनी मासळीची पाटी घेऊन उभी होती. तुला रोज विचारायची तेच तिने आज मला विचारलं, "सगली आली?"

"आली," मी म्हणालो.

दादा, वचन देतो. उद्यापासून हाका मी मारीन, तू थकलास. शेवटी तुझंही नाव घेईन, तू फक्त ओ देत जा. धर्माच्या हातात मी जिवंतपणीच सुकाणू देईन, तुझ्यासारखं अडवून धरणार नाही. आणि एखाद्या सकाळी तुझी ओ आली नाही, तर तू सुखाने गेलास असं समजेन. तरी तेवढा वेळ थांबेन, मगच माणसं उतरवीन.

तुझा धाकटा,
महादू तांडेल