बाळंतिणीच्या खोलीतले मिक्सर

सोलापूर, रविवार

ती. दादांना,

रुक्मिणीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा साष्टांग कागदावरच मानून घ्यावा.) वहिनींचा गुडघा कसा आहे? मंद्रूपला कांदा निघाला का? इकडे माणसांच्या प्रकृती ठीक आहेत.

तुमचे दाजी निवृत्त झाले आणि कॉलनीत दुरुस्ती मंडळ निघालं. अध्यक्ष अर्थात हेच. दर रविवारी देवळाच्या ओसरीवर बसून ही मंडळी लोकांच्या मोडक्या वस्तू फुकट दुरुस्त करतात, म्हणजे गावातला कचरा कमी होईल. हेतू उत्तम आहे. (उत्तम हेतूला घरात फार जागा लागते, हे मला आत्ता कळलं.) सगळे माजी शिक्षक नि कारकून. स्क्रू काढण्यात एकेक वाकबगार, लावण्याचा अभ्यास चालू आहे. शिवाय नवा भाग विकत आणायचा नाही असा कडक नेम. म्हणून शेजारच्या चंद्रव्वांच्या मिक्सरसाठी ह्यांनी आमचा चालता मिक्सर खोलला. आता दोन्ही बंद आहेत आणि शेंगाचटणी मी उखळात कुटते. चंद्रव्वांना त्यांचा मिक्सर न्या म्हटलं, तर म्हणाल्या, "आमी नवीन आणला की. ते ऱ्हाऊ दे तितंच, सरांचा हात लई चांगला हाय." सगळी कॉलनी अशीच. भंगारवाला नाकारतो ते आमच्याकडे येतं. कॉलनीचा कचरा खरोखर कमी झाला, मंडळाचा सत्कारही झाला. तो कचरा आमच्या मधल्या खोलीत आहे, हे सत्कारात कुणी बोललं नाही.

आणि त्याच खोलीत पुढच्या पंधरवड्यात आपली देवयानी पहिल्या बाळंतपणाला यायची आहे. तिच्या सासूबाईंना मी 'स्वतंत्र खोली, भरपूर उजेड' असं सांगून बसले. पंखे, इस्त्र्या नि कुकर यांतून खिडकीपर्यंत पोचता येत नाही. मला रडू येतं, दादा. पोरीचं माहेर आणि तिची खाट टाकायला जागा नाही. ह्यांना म्हटलं, तर "टाकून देणं तत्त्वात बसत नाही" म्हणाले.

तुमची,
रुक्मिणी

ता. क. इथल्या बाजारात कांदा उतरवून तुमचा टेम्पो रिकामाच परततो ना? या खेपेला तो आमच्या दारावरून न्या. काही टाकायचं नाही, मंद्रूपला मंडळाची शाखा काढायची आहे, असं मी ह्यांना पटवलंय.

ता. क. २. शाखेबरोबर अध्यक्षही येतील. बारशाच्या आत परत पाठवू नका.

ता. क. ३. टेम्पोतून आपला पाळणा तेवढा पाठवा. त्याची एक कडी कुरकुरते, हे ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.