रवा धरलेला मध

मंगळवार, दिवेलागण

आज माझ्या बरणीतल्या सूर्यफुलाच्या मधानं रवा धरला. कडुनिंबाचा कडसर मध अजून पातळ हाय, कांद्याच्या फुलाचा उग्र मधबी पातळच. म्हंजी सूर्यफुलाचा आपसूकच गोठतो. अन् मी मागं सुनंच्या, सुशीच्या बरणीत असाच रवा बघून तिसगावच्या बाजारात, गिऱ्हाइकापुढं म्हनले, "साखर घातलीस व्हय गं?"

तवापास्नं सुशीनं मधाच्या पेट्यांना हात लावला न्हाई. उद्या त्या विकून टाकनार हाय.

मगाशी माझी बरणी तिच्याम्होरं ठेवली. तिनं बोटावर रवा घेतला, चाटला. म्हनली, "आत्या, साखर झ्याक मिसळली तुमी."

हसलीबी न्हाई. माझं चुकलं म्हनायला माझं तोंड उघडंना. बाजारात कसं चटदिशी उघडलं हुतं.