शेजारचं घर रिकामं आहे

मंगळवार, ता. १४

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, मुंगीच्या दोन्ही गालांवर एकेक पापा. तिसरा मागेल, तोही दे. आम्ही बरे आहोत. ह्यांचा खोकला गेला. छापखान्यात नवं यंत्र आलंय, त्याच्या धडधडीनं हे घरी येतात ते कान किटूनच, त्यामुळे माझी कटकट यांना ऐकू येत नाही आणि घरात शांतता आहे. माझं शिवणाचं मशीन चालू आहे. शर्टांच्या कॉलरी शिवून शिवून मला आता माणसाच्या तोंडाआधी मान दिसते.

मुंगीची आमच्या शाळेत निवड झाल्याचं तुझ्या पत्रात वाचलं आणि मी ओरडलेच. आपण दोघं भावंडं गणितात काठावर तरलेली, आणि आपल्या पोरी बघ. तुला आठवतं का, आम्ही ठकीसाठी बिऱ्हाड उचलून इकडे यायला निघालो तेव्हा तू काय म्हणाला होतास? ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा.’ ते माझ्या असं जिव्हारी लागलं होतं की मी कितीतरी दिवस तुझा फोन घेतला नाही. आणि आज तूच विचारतोस, शाळेजवळ घर मिळेल का!

मिळेल. आमच्या शेजारचंच रिकामं आहे. दोन खोल्या, मागे धुण्याची जागा, सकाळचं ऊन. मोरीचा नळ गळतो, पण वायसर बदलला की झालं. आमची आणि त्यांची भिंत एक आहे, वहिनीनं भांडं पाडलं तरी मला कळेल. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीनं आकडे लिहिलेले आहेत, मालक चुना मारून देणार आहे. शाळा चालत पाच मिनिटांवर. वाटेत कालवा लागतो, पण त्याला आता तारेचं कुंपण घातलंय, तेव्हा मुंगीची काळजी नको.

आमच्या पालक मंडळानं मला मुद्दाम सांगितलंय की तुला सगळं नीट लिहावं. मंडळ म्हणजे तरी कोण, सुरुवातीला मीच होते. आम्ही आलो तेव्हा इथे नुसती ही निवडक हुशार पोरांची शाळा होती. लांबलांबून आलेली घरं, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. ही पोरं वर्गात आभाळाला हात लावायची आणि शाळा सुटली की आपापल्या खोलीत कडी लावून बसायची. ठकी भिंतीशी बोलायची, दादा. तिच्या वयाच्या मुलांना तिचं बोलणं कळत नव्हतं आणि मोठ्यांना वेळ नव्हता. मग मी एकेक दार वाजवत सुटले. तुला माझी सवय माहीत आहेच, बोलावलं नाही तरी मी आत जाऊन बसते. हळूहळू एकेक कुटुंब याच गल्लीत राहायला आलं. संध्याकाळी एकीनं सगळी मुलं सांभाळायची, बाकीच्यांनी आपली कामं उरकायची. कुणी आजारी पडलं तर दुसऱ्या घरून डबा. रविवारी सकाळी शाळेच्या मोठ्या खोलीत सगळ्यांनी गोल करून बसायचं.

त्या रविवारच्या बसण्याला आम्ही उघडी बैठक म्हणतो. तिचे नियम मीच घातले. घरातली अडचण तिथे मांडायची, मुलांपासून काही लपवायचं नाही. मुलांनी काहीही विचारावं, मोठ्यांनी खरं उत्तर द्यावं. आणि एखाद्या मुलानं मुद्दा नीट मांडला की टाळ्या. मुद्दा कुणाच्या बाजूचा, कुणाच्या विरुद्ध, ते बघायचं नाही. एकदा एका मुलानं आपल्या बापाला सिगारेट सोडायला लावली, बापानंच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं. मला त्याचा फार अभिमान होता.

कॉलरींचा गठ्ठा तसाच पडलाय, दुकानदार बोंबलेल. बाकीचं उद्या लिहिते.

शुक्रवार, ता. १७

दादा,

मंगळवारचं वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. नमनालाच घडाभर तेल घातलं आणि वर ताकाला जाऊन भांडं लपवलं. मंडळानं मला सांगितलंय की भावाला बोलावून घे, घर भरलं की गल्लीचं मन ताळ्यावर येईल. म्हणून तसं लिहायला बसले होते. आता नीट सांगते.

शेजारच्या घरात बुच्या राहायचा. ठकीहून थोडा लहान. त्याचं नाव वेगळं होतं, पण बाटल्यांची बुचं गोळा करायचा म्हणून सगळे बुच्या म्हणत, त्याची आईसुद्धा. कालव्याच्या पाण्यात बूच सोडायचं, काठानं त्याच्याबरोबर पळायचं, आणि पाणी किती वेगानं जातं ते घरी येऊन भिंतीवर लिहायचं. ते आकडे त्याचे. बाप वायरमन, आई लाँड्रीत इस्त्री करते. गरिबीतही दोघांनी पोराचा तो पसारा कधी आवरायला लावला नाही.

अलीकडे तो मागे पडायला लागला होता. शाळेनं काढा म्हटलं नव्हतं. मोठ्या बाई म्हणाल्या, ‘थांबू या, काही मुलं उशिरा उघडतात.’ पण बापाच्या जिवाला घोर लागला. आणि आमची रीत अशी की घोर बैठकीत मांडायचा. त्यानं मांडला. बुच्या त्याच्या शेजारी मांडी घालून बसला होता.

‘ह्याचं आता इथं जमत नाही असं वाटतं,’ बाप म्हणाला. ‘काय करावं? मुलांनीच सांगा. तुम्ही त्याला आमच्यापेक्षा जास्त ओळखता.’

दोघंतिघं काहीतरी बोलली. मग ठकी उठली. दादा, ती उठली तेव्हा मी शेजारणीला कोपरानं ढोसलं, बघ आता माझी कशी बोलते ते. ठकी म्हणाली, तिचे तीन मुद्दे आहेत. एक, बुच्यासाठी शिक्षक थांबतात, मग सगळे थांबतात, आणि आपल्यामुळे सगळे थांबलेत हे बुच्याला दिसतं. दोन, पाण्यातलं त्याच्याएवढं कुणालाच कळत नाही, दुसऱ्या शाळेत तो पहिला येईल, इथे कधीच येणार नाही. तीन, ‘आपण त्याला ठेवतोय ते त्याच्यासाठी नाही. काढलं तर आपल्याला वाईट वाटेल, म्हणून ठेवतोय.’

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला सांगू, सगळ्यांच्या आधी मीच वाजवल्या. बुच्यानंही वाजवल्या. चांगल्या वळणाचं पोर ते. हसत होता, ठकीकडे बघून मान हलवत होता, बरोबर आहे म्हणून.

त्याच आठवड्यात तो कालव्यात सापडला.

सगळे म्हणाले, पाय घसरला. बुचांमागे पळताना घसरला असेल, काठ निसरडा आहेच. त्याच्या आईनं तेच धरून ठेवलंय आणि मी तर म्हणते धरू दे. पुढच्या रविवारी बैठक भरली. दादा, सगळा वेळ कुंपणाची चर्चा झाली. तार की जाळी, किती उंच, नगरपालिका देईल की आपण घालायची. मुलांनीही मुद्दे मांडले. तारेच्या बाजूनं एकानं फार छान मांडलं, आणि टाळ्या झाल्या. वायरमन खाली बघून बसला होता. आदल्या रविवारबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. थोड्याच दिवसांत त्यांनी घर सोडलं. आता ती दोघं लाँड्रीच्या मागच्या खोलीत राहतात.

इथवर लिहिलं तरी मूळ गोष्ट अजून राहिलीच आहे.

बुधवारी दुपारी मी मशीनवर होते. ठकी समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘आई, थांब. माझे तीन मुद्दे आहेत.’

मी पायडल थांबवलं.

‘एक, बुच्या बुचांशिवाय कालव्यावर कधीच जायचा नाही. दोन, बुचांचा डबा माझ्याकडे आहे. त्यानं त्या दिवशी मधल्या सुट्टीत मला दिला. म्हणाला, ठेव, तुला लागतील. मला कशाला लागतील, हे मी विचारलं नाही. तीन, मी बैठकीत बोलले ते बरोबर होतं. चुकीचं असतं तर त्यानं ऐकलंच नसतं.’

दप्तरातून तिनं डबा काढला. बिस्किटांचा, पत्र्याचा. आत बुचं, आकारानं लावून ठेवलेली.

‘म्हणजे माझ्यामुळे,’ ती म्हणाली. ‘यात कुठे चूक आहे ते दाखव.’

मी म्हटलं, ‘अगं, तू लहान आहेस.’

‘हा मुद्दा नाही, आई.’

मी म्हटलं, त्यानं डबा सहजही दिला असेल. ती म्हणाली, सहज देण्यासारखी त्याच्याकडे ती एकच वस्तू नव्हती, पेन्सिली होत्या, भिंग होतं. मी म्हटलं, टाळ्या आम्ही वाजवल्या, दोष आमचा. ती म्हणाली, टाळ्या मुद्द्याला होत्या, मुद्दा माझा होता. दादा, आवाज चढत नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. गणिताचा ताळा करावा तशी ती बोलत होती, आणि मी एकेक वाट शोधत होते आणि ती एकेक बंद करत होती. मला चूक सापडली नाही. चूक आहे, मला आई म्हणून ठाऊक आहे की आहे, पण तिला पटेल अशी सापडली नाही.

मग म्हणाली, ‘रविवारी मी बैठकीत सांगणार. बुच्याच्या आईबाबांनाही बोलावणार. लपवायचं नाही हा नियम तुझाच आहे ना?’

रात्री मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणतात, सांगू दे, बोलली की मोकळी होईल. पण हे बैठकीला कधी येत नाहीत, यांना माहीत नाही. मी डोळे मिटले की मला ती खोली दिसते. मधे माझी पोर उभी आहे, समोर त्या दोघांना बसवलंय, आणि ती एक, दोन, तीन करून सांगते आहे की बुच्याला मी मारलं. आणि ती ते इतकं नीट मांडेल, दादा, इतकं नीट, की शेवटी सवयीनं कुणाचे तरी हात उठतील. माझेच उठले तर?

आम्हाला वाटलं, पोरांना सगळं समजतं म्हणजे त्यांना सगळं सोसतं. इतक्या हुशार पोरांचे आम्ही आईबाप, आणि आमच्यातल्या एकालाही एवढी साधी गोष्ट कळली नाही. तुझा बैल आठवतो मला, दादा. पण तेव्हा तू हसत होतास, आणि आता हसू नकोस.

तर ऐक. हे पत्र मी पोस्टात टाकत नाहीये. तू दार उघडलंस तेव्हा हे तुझ्या हातात देणारे तुझे मेहुणे आहेत, आणि त्यांच्या मागे पिशवी घेऊन उभी आहे ती ठकी. तिला आम्ही सांगितलंय की मामाला बरं नाही, चार दिवस जाऊन ये. तिला खोटं सांगितल्याची माझ्या आयुष्यातली ही पहिली वेळ. तिनं ते ओळखलंय असं मला वाटतं, कारण तिनं एकही प्रश्न विचारला नाही.

चार दिवस नाही, दादा. ठेवून घे. तुमच्या बाजारामागच्या शाळेत घाल, जिथे एका बाकावर चार पोरं बसतात आणि मास्तर डुलक्या घेतात. तिला मुंगीबरोबर भांडू दे. वहिनीला म्हणावं, हिनं काही छान बोलून दाखवलं तर वाहवा करू नकोस, ताट वाढ. अभ्यासात चुकली तर चुकू दे. ती तुलाही म्हणेल, मामा, यात चूक दाखव. तुला सापडली तर मला ताबडतोब कळव. नाही सापडली तर उत्तर देऊ नकोस, तिला जवळ घे. बुधवारी मी ते केलं नाही. मी उत्तरं शोधत बसले आणि ती डब्याचं झाकण लावून आत निघून गेली.

डबा मी ठेवून घेतलाय. तो बुच्याच्या आईचा आहे. उद्या लाँड्रीत जाऊन तिला देईन. डबा दिला की ती पाय घसरल्याचं धरून बसू शकणार नाही, हे मला कळतं. न देताही मला तिच्यासमोर उभं राहता येणार नाही. काय बोलेन ते माहीत नाही. ती मला दाराबाहेर काढेल तर काढू दे.

आणि रविवारी ठकीच्या जागेवर मी उभी राहणार आहे. कुंपणाचं नाही, टाळ्यांचं बोलणार आहे. नीट मांडता येणार नाही मला, रडेन बहुतेक. तेच बरं.

मुंगीला आणू नकोस. शाळेला नकार कळव, कारण विचारलं तर माझं नाव सांग. शेजारचं घर मी तुझ्यासाठी धरून ठेवणार नाही, आणि मालकाला सांगितलंय, त्या भिंतीवर चुना मारू नकोस.

ठकीला झोपताना पाय उघडे लागतात. पांघरूण घातलं तरी ती काढते. घालत राहा.

तुझी,
अति शहाणी धाकटी