सुचवलेला शब्द

रविवार, १४ जून

प्रिय दादा,

सा. न. पत्र मिळालं. इथे ठीक आहे. आईचा उजवा हात अजून साथ देत नाही, पण डाव्या हाताने चमचा नीट धरते. वहिनींना नमस्कार सांग.

तू लिहितोस, "आईने स्वतः 'जाईन' असं टाइप केलं, आता तू उगाच खोडा घालू नकोस. महिनाअखेरीला वृद्धाश्रमाची गाडी येईल."

गाडी रद्द कर.

आईची वाचा गेल्यावर मी तिच्यासाठी जो एडिटर, म्हणजे टाइप करून बोलायचा प्रोग्रॅम लिहिला, त्याला तू मोठ्या अक्षरांची पाटी म्हणतोस. त्यात प्रत्येक शब्दामागे त्याची माहिती साठते. तो अक्षर अक्षर करून लिहिला, की खाली सुचवलेल्या शब्दांतून बोट लावून उचलला. आधी काय लिहून पुसलं. एरवी हे दिसत नाही. शब्दावर बोट दाबून धरलं की दिसतं. ही सोय मी डॉक्टरांसाठी केली होती, आईची प्रगती कळावी म्हणून.

तुझ्या "जाईन"मागे काय आहे ते सांगते. आधी "नाही" लिहिलंय, अक्षर अक्षर करून. ते पुसलंय. मग "जा", आणि लगेच सुचवलेला पहिला शब्द उचललाय. आई सुचवलेले शब्द कधीच घेत नाही. जन्मभर कचेरीत टायपिस्ट होती; यंत्राने तिला शब्द सांगावा हे तिला खपतच नाही. त्या वेळी तिचं बोट कोणी धरलं होतं, हे एडिटर साठवत नाही. पण आईकडे येणाऱ्या नर्सबाई तेव्हा समोरच होत्या.

तू गेल्यावर मी सुचवणं बंद केलं आणि पुन्हा विचारलं. तिने लिहिलं, "घर माझं. मी इथेच." मी तरी विचारलं, नक्की ना?

नर्सबाई मागून म्हणाल्या, "ताई, पुरे आता. आई कीबोर्ड फेकून मारतील."

तू म्हणशील, प्रोग्रॅम तुझा म्हणजे शब्दही तुझेच. फोनवर म्हणालासच, "तुझं काय जातंय, आयतं घर मिळालंय." म्हणून पुढचं सांगते. सांगायचं नव्हतं.

त्याखाली आईने आणखी एक ओळ लिहिली. "तूही जा."

मला वाटलं, चुकून लागलं असेल. दाबून पाहिलं. एकेक अक्षर टाइप केलेलं, मध्ये काहीही न पुसता.

"अगं, मग तुझं करणार कोण?"

तिने नर्सबाईंकडे बोट केलं, मग दाराकडे. नर्सबाईंना हसू आवरेना. मी चहा टाकायला आत गेले.

ती ओळ मी माहितीसकट काढून टाकू शकत होते. कोणाला पत्ता लागला नसता. मग माझ्यात आणि तुझ्यात फरक तो काय राहिला असता? ओळ तशीच आहे, ये आणि दाबून बघ.

नर्सबाई दिवसभर थांबायला तयार आहेत, रात्री त्यांची बहीण येईल. मी मागच्या गल्लीत खोली घेतली आहे. माझी किल्ली आईला दिली. यायचं असेल तेव्हा बेल वाजवते. कधी ती "नंतर" म्हणून लिहून पाठवते, मग नंतर जाते. तूही यापुढे बेल वाजवूनच यायचं.

आणि गाडी पाठवलीसच, तर मी दारात उभी असेन. बाहेरच्या बाजूने.

आईने घराबाहेर काढलेली,
तुझी धाकटी