बाबाचा शर्ट काढू नको

संघू,

उठवलं न्हाय तुला. मी पारूबाईच्या टोळीसंगं उसाच्या भांगलणीला, तण काढाय चाललो. भाकरी टोपल्यात हाय. आमटीत कढीपत्ता न्हाय, त्यावरनं बोंब मारू नको. तुझ्या अळ्यांनी झाडाला पान ठेवलं न्हाय, आणि शेजारच्या दारात मागाय जायाचं त्राण तुझ्या आईत न्हाय.

रात्री म्हणालो, दहावी झाली, आता किडं-पाखरं बास, सोमवारपासनं उसात चल. तू जेवली न्हाईस. मी बी न्हाय.

पाल्यानं तुझं हात कापू नयेत म्हणून बाबाचा फुल शर्ट परवा धुऊन कढीपत्त्याशेजारच्या तारेवर घातलता. दमून आलं की काढायचं ऱ्हाऊन जातंय. आज काढाय गेलो, तर कॉलरखाली तुझी एक अळी अंगाला दोरा बांधून, कोश करून बसलीया. झटकाय हात उचलला आणि तसाच खाली घेतला. एवढ्या मोठ्या परड्यात तिला बी तुझ्या बाबाचाच शर्ट घावला.

तवा पाखरू बाहेर पडंपर्यंत शर्ट तिथंच ऱ्हाऊ दे. कोंबडी तेवढी लांब ठेव.

शर्टाबिगर उसात जाता येत न्हाय. सोमवारी जाऊन कॉलेजात नाव घालून ये. पारूबाईनं इचारलं तर सांगतो, पोरीचा शर्ट अजून वाळला न्हाय.

आई