फाइन लेगचे ठोके

१८ नोव्हेंबर २००७, रविवार
उल्हासनगरहून ठोके मोजणारा पट्टा आणला. छातीला बांधायचा, आकडा मनगटावरच्या घड्याळात दिसतो. दुकानदाराने विचारलं, दीदी, हार्ट का प्रॉब्लेम किसको है? म्हटलं, किसी को नहीं, मैं मदर हूँ.
स्वप्नाली सोळा वर्षांची, फास्ट बॉलर. गेल्या वर्षी पाठ धरली ती दोन महिने आडवी होती. दोन आठवड्यांनी जिल्ह्याची ट्रायल. परदेशात बॉलर असलं अंगावर घालूनच खेळतात, शरीराला किती झेपतंय ते कळतं. हे म्हणाले, तिला विचारलंस? विचारायचं काय, सायन्स आहे. मी काही काळजी करत बसणारी आई नाही.

१९ नोव्हेंबर
प्रॅक्टिस. फिल्डिंगला ती फाइन लेगला असते, बाउंड्रीला चिकटून. फार सोयीचं. प्रत्येक ओव्हरनंतर मी चक्कर मारून तिथे जाते, आकडा विचारते. एव्हाना उतरायला हवा. मी पोचते तेव्हा उलट चढलेला असतो. स्टॅमिना कमी. उद्यापासून खजूर.

२१ नोव्हेंबर
खजुराचा उपयोग नाही. १६८. विचारलं, पाठ? म्हणाली, ठीक. विचारलं, नक्की ना? म्हणाली, आई, मॅच चालू आहे. लगेच १७४. म्हणजे बोलण्यात फार शक्ती जाते. तिने कमी बोलावं.

२५ नोव्हेंबर, रविवार
बदलापूरच्या मुलींशी मॅच. आमची कॅप्टन वैष्णवी हुशार, पण फिल्ड लावता येत नाही. स्वप्नालीला मिड-ऑनला उभं केलं, पार आत. कोच चिंतामणी सरांकडे तक्रार केली. म्हणाले, मॅडम, ती जागा पोरीनेच मागून घेतलीय. चांगलं आहे, जबाबदारी घेतेय.
ड्रिंक्सला पाण्याची बाटली घेऊन मीच आत गेले. अंपायरने हटकलं. मुली हसल्या. स्वप्नाली नाही हसली. एकाग्रता.

२८ नोव्हेंबर
सर म्हणाले, बॉलिंग तिला झेपतेय. आकडा चढतो तो तुम्ही गेटातून आत आलात की. जरा चहा पिऊन या बघू.
गेले. दोन कप प्यायले. आल्यावर सर म्हणाले, ओव्हरनंतर एकशे दहापर्यंत उतरला. ऊन कमी झालं असणार.

१ डिसेंबर, शनिवार
स्वप्नाली जवळ येऊन बसली. म्हणाली, उद्या ट्रायलला येऊ नकोस. पट्टाही नको. पाठ दुखली तर मलाच आधी कळेल ना गं, मी थांबेन. मग खाली बघत म्हणाली, तू तिथे उभी असलीस ना, की मला वाटतं माझं काहीतरी मोडलंय.
बरं म्हटलं. मुलांवर दडपण आणू नये, हे माझं पहिल्यापासूनचं मत.

२ डिसेंबर, रविवार
ट्रायल उल्हासनगरला. गेले नाही. मैदानासमोरच्या दुकानात पडद्याचं कापड बघायचंच होतं. तिथून बॉलरचा रनअप दिसतो.
मधेच ती कमरेवर हात ठेवून थांबली. कापड हातातच घेऊन मी रस्ता ओलांडला, मागून दुकानदार ओरडत होता, मॅडम, पैसा! गेटापर्यंत पोचले तोवर तिने बुटाची लेस बांधली होती. पुन्हा धावत आली. मीही परत. कापड घ्यावंच लागलं. हिरवं. आम्हांला हिरवं आवडत नाही.

७ डिसेंबर
निवड झाली! पंधरा दिवस पुण्याला कॅम्प. पालकांना आत प्रवेश नाही. नियम उत्तम आहे. हे म्हणाले, तिने दोनदा फोन करून खात्री करून घेतली.

९ डिसेंबर, रविवार
गेली. पट्टा मी तिच्या टॉवेलच्या घडीत ठेवला होता. निघताना काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, आई, हा तूच ठेव. मग मिठी मारली, इतकी घट्ट की पाठ एकदम बरी असणार.
दुपारी सहज बांधून पाहिला. खुर्चीत, नुसती बसून. १२९.
बिघडलाय. बहुतेक पहिल्या दिवसापासूनच.